हाकेचा अर्थ

शब्दांचे अर्थ लावणे हा माझा आयुष्यभराचा व्यवसाय. सदतीस वर्षे मी मराठी कविता शिकवली, तिच्यावर लिहिले, आणि इतरांनी लावलेले अर्थ कसे अपुरे आहेत हेही पुष्कळदा सांगितले. त्या व्यवहारात हातून घडलेल्या चुका पुढच्या लेखात दुरुस्त करता येतात. निदान नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांचा सौजन्यपूर्वक उल्लेख तरी करता येतो. घरात लावलेल्या अर्थांच्या बाबतीत अशी सोय नसते. इथे मी जी चूक सांगणार आहे ती एका दोन अक्षरी शब्दाविषयीची आहे. हा शब्द मराठीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तो आपल्याला समजलेला नाही हे माझ्या ध्यानात यायला मात्र तीन महिने लागले.

२०२२ च्या ऑक्टोबरात, दिवाळी जवळ आलेली असताना, मी आणि माझे यजमान पुणे स्थानकावर रात्री उशिरा कोणार्क एक्स्प्रेसची वाट पाहत उभे होतो. लेक आणि जावई भुवनेश्वरहून येत होते, आणि त्यांच्याबरोबर साडेचार वर्षांची एक मुलगी. विमानाने आणा, असे मी सुचवले होते. लेकीने ऐकले नाही. "आपण किती लांब आलो हे तिला खिडकीतून दिसू दे. नाहीतर एका खोलीतून उचलून दुसऱ्या खोलीत ठेवल्यासारखं होईल," असे तिचे म्हणणे. त्यामुळे सुमारे दीड दिवसाचा तो प्रवास झाला. गोदावरी मुलीने झोपेत ओलांडली. जागेपणी ती खिडकीच्या गजांना धरून बसली होती आणि फारसे काही बोलली नव्हती.

जावयांच्या कडेवरून ती उतरली तेव्हा तिचे केस अगदी बारीक कापलेले होते आणि अंगात लेकीने नेलेला नवा स्वेटर होता, ऑक्टोबरात पुण्याला ज्याची गरज नव्हती. तिने आमच्याकडे पाहिले. माझ्या पांढऱ्या केसांवर, नऊवारी नव्हे पण साधी सुती साडी नेसलेल्या माझ्या अंगावर तिची नजर स्थिरावली, आणि ती स्पष्टपणे म्हणाली, "आई."

लेक मागे पिशव्या घेऊन उभी होती. मागच्या तीन दिवसांत तिने छातीवर हात ठेवून कितीदा तरी त्या मुलीला सांगितले होते, "मी आई." आणि दर वेळी मुलीने तिच्याकडे नीट पाहून उत्तर दिले होते, "नाहिं." हे 'नाहिं' कळायला ओडिया यावे लागत नाही.

"दमलीय ती," यजमान म्हणाले. आम्ही सगळे हसलो. लेकही हसली. तिचे ते हसू मी लहानपणापासून ओळखते.

या मुलीचे नाव मी इथे लिहिणार नाही. ते तिचे आहे, आणि ही सारी हकीगतही खरे तर तिचीच आहे. मी ती उसनी घेऊन सांगत आहे, तेव्हा जितके माझ्या वाट्याचे आहे तितकेच सांगावे हे बरे.

लेकीने आणि जावयांनी २०१९ साली दत्तकासाठी नोंदणी केली होती. आता हा सारा व्यवहार केंद्रीय प्राधिकरणामार्फत चालतो. संकेतस्थळावर नोंदणी करायची, समाजसेविका घरी येऊन अहवाल तयार करते, आणि मग वाट पाहायची. सुरुवातीला त्यांनी दोन वर्षांपर्यंतचे मूल मागितले होते. पुढे त्यांनी वयाची अट वाढवली आणि राज्याचीही अट ठेवली नाही. तेव्हा विरोध केला तो मी. "लहानच घ्या, म्हणजे तिला मागचं काही आठवणार नाही," असे मी म्हटल्याचे मला चांगले आठवते. जिने आपल्या विद्यार्थ्यांना स्मृती हीच साहित्याची माती असते म्हणून सांगितले, तिला नात मात्र कोऱ्या पाटीसारखी हवी होती. लेक यावर काही बोलली नाही. कायदा आता न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने दत्तक पूर्ण करतो. ही दुरुस्ती २०२१ ची, अंमलात आली १ सप्टेंबर २०२२ पासून. मूल आधी संगोपनासाठी घरी येते आणि आदेश मागाहून. म्हणजे काही आठवडे ती कागदावर कुणाचीच नव्हती आणि आमच्या घरात राहत होती. माझ्या यजमानांना, जे आयुष्यभर बँकेत होते, ही गोष्ट फार विलक्षण वाटे.

दत्तक हा शब्द आमच्या घराण्यात नवा नव्हता. यजमानांचे एक चुलत आजोबा कोकणात दत्तक गेले होते, आणि त्यांच्याविषयी बोलताना सगळे 'गेले' असेच म्हणत, जणू ते निवर्तले होते. ते दत्तकविधान जमिनीसाठी आणि पिंडासाठी होते. जुन्या हिंदू कायद्यात मुलगी दत्तक घेण्याची कल्पनाच नव्हती. तो मार्ग १९५६ च्या कायद्याने मोकळा केला. आमच्या घरात आलेली मुलगी कोणाचे नाव चालवायला आली नव्हती आणि तिच्या नावावर कोणती जमीनही येणार नव्हती. घराला तिची जी गरज होती ती नाव नसलेली होती.

पहिले महिने कसे गेले हे सांगायला मला संकोच वाटतो, कारण त्यांत फार थोडे घडले. ती रडत नसे. पडली, खरचटले, तरी आवाज नाही. फक्त डोळे मोठे होत आणि ती आजूबाजूला पाही, की हे कुणी पाहिले का. जेवताना ती पटापट खाई आणि अर्धी पोळी मुठीत ठेवून उठे. ती पोळी दुसऱ्या दिवशी उशीखाली, कधी पुस्तकांच्या कपाटात सापडे. माझ्या 'साहित्यशास्त्र' लिहिलेल्या खणात एकदा भाताची वाळलेली ढेपळे मिळाली. मी ती उचलून टाकायला निघाले तेव्हा लेकीने माझा हात धरला. तिने त्याच खणात एक डबा ठेवला, त्यात बिस्किटे आणि चुरमुरे, आणि मुलीला तो दाखवला. रात्री-अपरात्री उठून मुलगी डबा उघडून पाही, न खाता झाकण लावी आणि झोपे. हे असे तीन-चार महिने चालले. मग एक दिवस तिने डब्याकडे पाहिलेच नाही. तो डबा अजून तिथेच आहे. टाकून द्यायचे धाडस कुणाला झालेले नाही.

भाषेचे प्रकरण मी माझ्याकडे घेतले. तो माझा प्रांत होता, असे मी समजत होते. मराठी मुलांना 'ळ' लवकर येत नाही, म्हणून मी तिच्यासाठी 'ळ'ची शिकवणी मनात तयार ठेवली होती. पण पहिल्याच आठवड्यात तिने केळे हातात घेऊन 'फळ' म्हटले ते असे ठसठशीत, की मी थक्क झाले. माझ्या लेकीला तो वर्ण पाचव्या वर्षी आला होता. ओडियाने हा 'ळ' आपल्यासारखाच जपून ठेवला आहे. शेजारच्या बंगालीने तो सोडला. फक्त मुलगी 'फळ'चा शेवटचा स्वर गिळत नसे. नाक, कान, हात ही आपल्याला एकाक्षरी वाटणारी अंगे तिच्या तोंडी दोन-दोन अक्षरांची होत, सावकाश, स्वर पुरेपूर भरलेली. आपण मराठी माणसे शब्दांची शेपटे किती घाईने तोडतो हे मला त्या दिवसांत प्रथम ऐकू आले. लिंगांचा मात्र गोंधळ होता. ओडियात क्रियापदाला लिंग नसते. त्यामुळे "आजोबा आली", "बाबा झोपली", "मांजर पळाला" असे सुरू झाले. मी सुधारत गेले. प्रत्येक वाक्य सुधारले. पंधरा दिवसांत तिने वाक्ये बोलणेच बंद केले.

"तू परीक्षा घेतेस तिची," जावई एकदा सौम्यपणे म्हणाले. ते सहसा मला काही म्हणत नाहीत.

लेक वेगळे करीत होती. मुलीला आणण्याआधी तिने मोबाइलवरून थोडीफार ओडिया वाक्ये पाठ केली होती: भूक लागली का, पाणी हवे का, भिऊ नकोस. 'भोक लागुछि कि?' हे ती इतक्या वाईट उच्चारात विचारी की मुलगी प्रथमच हसली ती त्यावर. तिने एक वही घातली होती. मुलगी जो ओडिया शब्द बोलेल तो त्यात लिहायचा, शेजारी अर्थ. 'जह्नमामु' म्हणजे चांदोमामा. 'पखाळ' म्हणजे रात्रीच्या भातात पाणी घालून आंबवलेले अन्न. ते लेकीने करूनही पाहिले, आणि मुलीने ते दोन्ही हातांनी वाडगा धरून संपवले. 'अजा' म्हणजे आजोबा. यजमानांना ती पहिल्या दिवसापासून हीच हाक मारी आणि आम्ही त्याला आजोबांचाच अपभ्रंश समजत होतो. 'आई' हा शब्द त्या वहीत नव्हता. त्याचा अर्थ लिहावा असे कुणाला वाटले नाही.

ती मला आई म्हणे. मलाच म्हणे. झोपताना माझ्या पदराचे टोक मनगटाभोवती गुंडाळून घेई आणि तसेच धरून झोपे. लेकीला ती काही म्हणतच नसे. हवे असेल तेव्हा जवळ जाऊन उभी राही. लेकीने छातीवर हात ठेवून "आई" म्हटले की अजूनही तेच उत्तर येई. हळूहळू लेकीने विचारणे सोडले.

मला ते आवडत होते. हे लिहायचे नसते तर हा लेखच लिहायचे कारण नव्हते. आणि ते का आवडत होते हे सांगायचे तर मला १९८५ सालापर्यंत मागे जावे लागेल.

लेक जन्मली तेव्हा आम्ही एकत्र कुटुंबात राहत होतो. सासूबाईंना घरातले सगळेच आई म्हणत, आणि मला दीर-नणंदा वहिनी म्हणत. मुले ऐकतात ते बोलतात. माझी मुलगी आजीला आई म्हणू लागली आणि मला वहिनी. त्या काळी यात कुणाला वावगे वाटत नसे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत अशा आया वहिनी, काकू, ताई होऊन राहिल्या. मी प्रबंध लिहीत होते. सकाळी महाविद्यालय, दुपारी ग्रंथालय, रात्री टिपणे. विषय होता संत कवयित्रींच्या रचनेतील वात्सल्य. मुलगी दार लोटून आत येई तेव्हा सासूबाई तिला उचलून नेत, "वहिनी लिहितेय ना?" असे म्हणत. १९८९ साली मला पदवी मिळाली. १९९१ साली सासूबाई गेल्या. त्यानंतर सहा वर्षांची माझी मुलगी मला आई म्हणू लागली, रिक्त झालेल्या जागेवर नेमणूक व्हावी तशी. ती नेमणूक मी स्वीकारली, पण पहिल्या सहा वर्षांची सेवा माझ्या खाती कधीच जमा झाली नाही. आम्ही दोघी याविषयी कधी बोललो नाही.

आणि आता, साठी उलटल्यावर, स्थानकावरच्या गर्दीत एका मुलीने मला पाहताक्षणी ती हाक दिली होती.

जानेवारीत संक्रांत आली. शेजारच्या बायका हळदीकुंकवाला आल्या. मुलगी माझ्या गुडघ्याला टेकून तिळाचा लाडू खात होती. कुणी तरी माझ्याकडे बोट दाखवून तिला विचारले, "ही कोण गं तुझी?" ती म्हणाली, "आई." "आणि ती?" लेक वाण देत होती. मुलीने तिच्याकडे पाहिले आणि लाडू चावत राहिली. "तुमचाच लळा लागलाय हो," त्या बाई मला म्हणाल्या. मी "छे, काहीतरीच" असे म्हटले. पण कोणत्या सुरात म्हटले ते लेकीने ऐकले होते.

त्या रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, "आई, तू थोडे दिवस लांब राहशील का?"

ती हे चिडून म्हणाली असती तर मला भांडता आले असते. ती विनवणी करीत होती. मी दुसऱ्या दिवशी मिरजेला धाकट्या बहिणीकडे निघून गेले. 'तुमच्या घरात माझी अडचण होत असेल तर' हे वाक्य मी गेले त्या सकाळी उच्चारले, आणि प्रवासभर ते स्वतःशीच पुन्हा पुन्हा उच्चारत राहिले.

मिरजेत मला वेळच वेळ होता. फकीरमोहन सेनापतींच्या 'छ माण आठ गुंठ' या कादंबरीवर लिहिलेले एक जुने टिपण मी बरोबर नेले होते. ही कादंबरी मी तौलनिक साहित्याच्या वर्गाला अनुवादातून अनेक वर्षे शिकवली होती. टिपणातली एक शंका विचारण्यासाठी मी भुवनेश्वरच्या एका निवृत्त प्राध्यापकांना फोन केला. अनुवादाच्या एका कार्यशाळेत त्यांची ओळख झाली होती. बोलणे फकीरमोहनांच्या बालपणावर गेले. आईवडील अगदी लहानपणी गेले, आजीने वाढवले. पोर आजारातून उठावे म्हणून तिने पिराला नवस केला आणि ब्रजमोहनाचा फकीरमोहन झाला. आजीला ओडियात काय म्हणतात, असे मी सहज विचारले. ते म्हणाले, फकीरमोहनांची ती वडिलांची आई, म्हणून जेजेमा. आईची आई असती तर 'आई'.

मी त्यांना पुन्हा सांगायला लावले.

"आई," ते म्हणाले. "आईची आई ती आई. तिचा नवरा तो अजा. का हो?"

मी म्हटले, काही नाही.

म्हणजे त्या मुलीने स्थानकावर पांढऱ्या केसांची बाई पाहिली आणि तिला बरोबर हाक मारली. यजमानांनाही बरोबर. आणि एक तरुण स्त्री छातीवर हात ठेवून तिला सांगत होती की मी तुझी आजी आहे. ती नीट पाहून, विचार करून, नाही म्हणत होती. ती नकार देत नव्हती, शब्द दुरुस्त करीत होती. आम्ही सगळ्यांनी तिला मराठी शिकवायचा विडा उचलला होता, आणि साडेचार वर्षांची ती पोर धीराने आम्हाला ओडिया शिकवीत होती. तीन महिने.

पुढे २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मी एका सभेत भाषण केले. ओडियाला तो २०१४ सालीच मिळाला होता याचाही उल्लेख केला, टाळ्या झाल्या. त्या टाळ्या ऐकताना मला मिरजेच्या बहिणीच्या ओसरीवरचा तो फोन आठवत होता.

मी लेकीला लगेच फोन करायला हवा होता. मी आठ दिवस गप्प राहिले. यासाठी मी स्वतःला एक सभ्य कारण दिले होते. मुलीच्या अहवालात जे होते ते मी सांगणार नाही. एवढेच सांगते, की ती तान्हेपणी संस्थेत आलेली नव्हती. अडीच-तीन वर्षे ती कुठल्यातरी घरात वाढली होती. कायद्याप्रमाणे वर्तमानपत्रात छायाचित्र आले, चार महिन्यांची मुदत गेली, कुणी आले नाही. आता त्या घरात कदाचित एक आजी होती असे हा शब्द सांगत होता. तिचा पदर होता, जो झोपताना मनगटाभोवती गुंडाळता येत असे. हे लेकीला सोसेल का, असे मी स्वतःला विचारीत होते. अर्थात दुसरेही स्पष्टीकरण होते. आमची छायाचित्रे अल्बममध्ये घालून संस्थेकडे आधी पाठवली होती. तिथल्या एखाद्या बाईने बोट ठेवून 'ही तुझी आई, हा अजा' असे शिकवले असेल. कुठले खरे, याचा पुरावा कोणाकडेच नाही.

पण हे सभ्य कारण बाजूला ठेवले तर उरते ते असे, की अर्थ सांगितला की हाक जाणार होती. मला ती आठ दिवस आणखी हवी होती, दोनशे किलोमीटरहून लांब बसून, जिथे ती ऐकूही येत नव्हती.

नवव्या दिवशी लेकीचाच फोन आला. "ती रोज दारात बसते. 'आई काहिं, आई काहिं' करते. जेवत नाही नीट." मग थोडे थांबून, "तू ये परत. तिला तू हवी आहेस तर तसंच असू दे. मला चालेल."

त्या 'चालेल'पाशी मला माझी लाज वाटली. मी स्वतः हा शब्द कधी उच्चारू शकले नव्हते. सासूबाईंच्या बाबतीत मी सहा वर्षे हसतमुखाने वागले, पण मला ते कधीच चालले नव्हते.

पुण्याला पोचले त्याच रात्री स्वयंपाकघरात मी तिला सारे सांगितले. कधी कळले आणि किती दिवस दडवले तेही. मला वाटले ती रागावेल, किंवा सुटल्यासारखी हसेल. ती ओट्याला टेकून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तिला आजी होती."

"असेल. नक्की नाही."

"आणि आपण तिला रोज सांगत होतो, ती तू विसर, ती मी आहे."

यावर मी काही बोलू शकले नाही. तिने वही काढली आणि लिहिले: 'आई: आईची आई'. त्याखाली, 'अजा: आईचे बाबा'. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मीही तुला आधी वहिनीच म्हणायचे ना? तुला कसं वाटायचं, आई?"

एकतीस वर्षांनी विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर मी त्या रात्री दिले. ते इथे देण्याचे कारण नाही. बारा वाजून गेले होते, आणि यजमान पाणी प्यायला आले ते दोघींना पाहून पाणी न पिताच परत गेले.

दुसऱ्या दिवशी लेकीने छातीवर हात ठेवून मुलीला सांगितले, "मा." मुलीने लगेच मान डोलावली, हे कुणाला माहीत नाही अशा मुद्रेने. तिने ती हाक पहिल्यांदा मारली ती तीन-चार दिवसांनी, न्हाणीघरातून, डोळ्यांत साबण गेला म्हणून. आणि त्या वेळी ती मोठ्याने रडत होती. लेक धावली. आम्ही दोघे दिवाणखान्यात बसून तो आक्रोश ऐकत राहिलो, आणि ऐकून आम्हाला जे सुख झाले ते कुणा तिऱ्हाइताला क्रूर वाटले असते.

मी तिची वाक्ये सुधारणे सोडले. लिंगे आपोआप जागेवर आली. 'मांजर पळाला' एवढे मात्र अजून आहे, आणि ते आता घरात सगळेच म्हणतात. त्या सुमारास मी माझा प्रबंधही पुन्हा उघडला. त्यात जनाबाईवर साठ पाने आहेत. गंगाखेडची ती मुलगी लहानपणीच दामाशेटींच्या घरी आली, हे मी पहिल्या पानावर चरित्रविषयक माहिती म्हणून एका वाक्यात उरकले आहे. पुढे तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, शेण्या वेचतो, तिची वेणी घालतो, या सगळ्याला मी भक्तीतील सख्य आणि वात्सल्य यांचा संकर म्हटले आहे. ते चूक नाही. पण परक्या घरात वाढणाऱ्या पोरीच्या केसांना हात लावायला कोण असते, हा प्रश्न त्या साठ पानांत मला एकदाही पडलेला नाही. 'नामयाची दासी' ही तिची नाममुद्रा मी विनम्रतेची खूण म्हणून शिकवीत आले. आता ती वाचताना वाटते, हा त्या घरात आपली जागा सांगण्याचाही एक प्रकार असेल. पहिल्या वर्षी लेक मुलीचे वाढणारे केस रोज संध्याकाळी विंचरीत असे, आणि मुलगी इतकी स्तब्ध बसे की तिला ते आवडते आहे की ती सोसते आहे हे कळत नसे. मग ती मान मागे टाकू लागली.

दोन वर्षे दर सहा महिन्यांनी समाजसेविका येऊन पाहून जात. त्यांच्या तक्त्यात 'भाषा' असा रकाना होता, त्यात 'मराठी, उत्तम' अशी नोंद झाली. ती खरी आहे. ओडिया मात्र गेली. पहिल्या उन्हाळ्यात तिची वाक्ये गेली, दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत बहुतेक शब्द. लेकीने ओळखीच्या एका ओडिया कुटुंबाकडे तिला न्यायला सुरुवात केली होती, पण मुलगी तिथे मराठीतच बोलू लागली. कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या माणसांवरचा २००३ सालचा एक अभ्यास मी वाचला आहे. तीन ते आठ वर्षांच्या वयात आलेल्या त्या माणसांच्या मेंदूत पहिल्या भाषेची खूण संशोधकांना सापडली नाही. २०१४ साली माँट्रियलच्या संशोधकांना मात्र, चीनमधून तान्हेपणी आलेल्या आणि फक्त फ्रेंच बोलणाऱ्या मुलींच्या मेंदूत चिनी स्वरांना मिळणारा प्रतिसाद चिनी भाषकांसारखाच दिसला. त्यांना त्या स्वरांचा अर्थ कळत नव्हता तरीही. मी दोन्ही निष्कर्ष लेकीला सांगितले. ती म्हणाली, "दुसरा लक्षात ठेवू या." समीक्षकाला अशी निवड करण्याची मुभा नसते, आईला असावी.

आता ती सात वर्षांची आहे. लेकीला ती आई म्हणते. शाळेत सगळ्यांच्या आयांना आई म्हणतात म्हणून एक दिवस 'मा'ची आई झाली, कुणी न सांगता. मला आजी म्हणते. आजोबांना अजूनही अजा.

गेल्या सुट्टीत तिने ती वही काढून माझ्यापुढे ठेवली. तिला आता वाचता येते. स्वतःचे शब्द ती एखाद्या पाहुण्यासारखे वाचत होती, अडखळत, शेवटचे स्वर गिळून, अस्सल पुणेरी. 'पखाळ'ला तिने नाक मुरडले. मग एका ओळीवर बोट ठेवून थांबली.

"आजी, इथे चुकलंय. आई म्हणजे आईची आई असं लिहिलंय."

मी तिला सांगितले की चुकलेले नाही. तू जिथून आलीस तिथे आईच्या आईला आई म्हणतात, आणि लहान असताना तू मला तशी हाक मारायचीस.

तिने थोडा विचार केला. "पण तुझ्याआधी कुणाला म्हणायचे?"

"ते आपल्याला माहीत नाही."

"आईला?"

"आईलाही नाही."

तिने पेन्सिल मागितली. त्या ओळीखाली पट्टीने दोन रेघा आखल्या, वर काही लिहिले नाही, आणि वही मिटून कपाटात, डब्याच्या शेजारी, ठेवून ती खाली खेळायला गेली.